बोअर नंबर दोनमधला खडक

"मॅडम, तुमचा रिपोर्ट एकदम क्लीन आहे. सोमवारी नारळ फोडतोय. तुम्ही यायचं हं, बहाणा नको," गावड साहेब म्हणाले.

विरार पूर्वेला फुलपाड्याच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी आम्ही उभे होतो. समोर एक मोकळी, सपाट जागा. तिच्या मधोमध चुन्याने मोठा गोल आखलेला. त्या गोलावर पाण्याची उंच टाकी उभी राहणार होती. गावड साहेब कंत्राटदार कंपनीचे प्रोजेक्ट इंजिनियर. मी सही केलेल्या रिपोर्टची छापील प्रत त्यांच्या हातात दिली होती. त्यांनी ती न उघडता काखेत मारली, मांडववाल्याला फोन लावला आणि गाडीत बसून निघून गेले.

मी जिओफिजिसिस्ट आहे. वटारला आमच्या वाडीत अजून लोकांना वाटतं की मी विहिरीसाठी पाणी बघते. ते पूर्ण चूकही नाही. जमीन न खोदता तिच्या पोटात काय आहे हे शोधणं, हे माझं काम. बांधणाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात. खडक किती खाली आहे, आणि तो सगळीकडे सारखा आहे का. सव्वीस वर्षं मी याच दोन प्रश्नांची उत्तरं देत आले आहे.

या जागेवर आम्ही मे महिन्यात रेझिस्टिव्हिटी सर्व्हे केला होता. म्हणजे असं की, जमिनीत ठराविक अंतरावर लोखंडी सळया ठोकायच्या. दोन सळयांतून वीज सोडायची आणि दुसऱ्या दोन सळयांत ती किती पोचते ते मोजायचं. ओली माती वीज सहज जाऊ देते. टणक खडक अडवतो. हजारभर मापं घेतली की कॉम्प्युटर त्यांचं एक रंगीत चित्र बनवतो. ओलं ते निळं, टणक ते लाल. आमच्या चित्रात दोन-तीन मीटर मुरूम आणि त्याखाली टोकापासून टोकापर्यंत लाल होतं.

शिवाय बोअर होते. बोअर म्हणजे मशीनने पाडलेलं उभं भोक, त्यातून आतल्या दगडाचे दांडके वर काढतात. जागेवर असे तीन बोअर घेतले होते. तिन्हींत काळा, ताजा, मजबूत दगड लागला होता. बोअर म्हणतो खडक, चित्र म्हणतं खडक. मी लिहिलं, 'पाया साध्या खोदाईने खडकावर टेकवता येईल.' खाली सही केली.

त्या दिवशी गावड साहेब गेल्यावर मी आणि डॉमनिक उरलेलं सामान गोळा करत होतो. डॉमनिक पाचूबंदरचा. त्याच्या भावांची बोट आहे, पण याला समुद्र लागतो, म्हणून वीस वर्षांपूर्वी माझ्याबरोबर कामाला आला आणि राहिला. आमच्या दोन केबल फाटकाबाहेर कांद्या-बटाट्याच्या हातगाडीखाली ठेवल्या होत्या. गाडीवाल्या नरसूबाई साठी-पासष्टीच्या. सर्व्हेच्या आठवड्यात त्यांनीच आमच्या सामानावर लक्ष ठेवलं होतं.

"काय बांधायलेत ओ ताई हितं?" त्यांनी विचारलं.

"पाण्याची टाकी, मावशी. उंच. सगळ्या फुलपाड्याला पाणी मिळेल."

त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला.

"खाणीवर?"

"कुठली खाण?"

"हीच की. तुमी उभ्या हाय ना, ती. दगडाची खाण व्हती. मी लगीन करून सोलापूरहून आले ती थेट हितंच. ह्यो भराव हाय सगळा."

मी विचारलं, किती खोल होती? मला वाटलं त्या म्हणतील, माणूसभर, दोन माणूस.

त्यांनी मान वर करून समोरच्या बिल्डिंगकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "डोक्यावर खडीची पाटी घेऊन वर यायचं, तर तीन ठिकाणी थांबायचो आमी बाया. दम खायला. तीन थांबे केले की वर."

"आणि भरली कधी?"

"खाण बंद झाली, मग गाड्या यायच्या. पडलेल्या बिल्डिंगीचा राबिट, खाणीतलेच मोठे धोंडे, काय बी. दोन-तीन वर्सं टाकत व्हते. मग वरून लाल माती वढली आणि झाली जागा."

डॉमनिक केबल गुंडाळायची थांबला. "मॅडम, आपन तर खडक लिवला ना?"

मी त्याच्या हातातली केबल घेतली आणि गाडीकडे निघाले.

गाडीत बसल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि तेच चित्र पुन्हा पाहिलं. ते मी निदान पन्नास वेळा पाहिलं असेल. पण या वेळी लाल पट्ट्यात पश्चिमेच्या बाजूला एक उभी रेघ दिसली. एका बाजूला लाल गडद, दुसऱ्या बाजूला जरा फिकं, आणि मधली सीमा सरळ भिंतीसारखी. ती मी आधीही पाहिली होती. सॉफ्टवेअर कधीकधी असं करतं, म्हणून सोडून दिली होती. निसर्गातला खडक भिंतीसारखा सरळ तुटत नाही. सुरुंग लावून कापलेला तुटतो.

आणखी एक गोष्ट आठवली. सळया ठोकताना जमीन इतकी कोरडी होती की वीज आतच शिरेना. प्रत्येक सळईच्या बुडाशी आम्ही मिठाचं पाणी ओतलं होतं. मे महिना आहे, असणारच कोरडी, असं मी डॉमनिकला म्हणाले होते. पण डोंगरउतारावर मोकळा राबिट टाकला, तर त्यातलं पाणी निथळून जातं. दगडांच्या मधल्या फटींत हवा राहते. आणि हवेतून वीज जात नाही. म्हणजे कोरडा पोकळ भराव आणि अखंड खडक, दोघेही माझ्या चित्रात लालच दिसणार. हे मी कॉलेजच्या मुलांना शिकवते. दर वर्षी एक लेक्चर असतं माझं यावर.

राहिला बोअर. एक आणि तीन नंबरचे बोअर जागेच्या पूर्वेच्या कडेला होते. गोलाच्या आत फक्त दोन नंबरचा, तोही पश्चिमेच्या अर्ध्यात. त्याची नोंद काढली. साडेचार मीटरवर दगड लागला, दीड मीटर दगडात गेले आणि थांबले. खरं तर खडक लागल्यावर निदान तीन मीटर आत जायचं असतं, ते एवढ्यासाठीच की लागलेला दगड खडक आहे की मोठा धोंडा, हे कळावं. ड्रिलरने बिट, म्हणजे मशीनचं दगड कापणारं टोक, झिजली म्हणून काम थांबवलं होतं. तसं नोंदीत स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. पण त्याआधी माझं लाल चित्र पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या ऑफिसात नाईक सरांसमोर बसले. कन्सल्टन्सी त्यांची. मी तिथे सर्वांत जुनी.

सगळं ऐकून ते म्हणाले, "बोअर म्हणतोय खडक. तुझा सर्व्हे म्हणतोय खडक. आणि तू कांदेवाल्या बाईवर विश्वास ठेवणार?"

"सर, बोअर आणि सर्व्हे दोन साक्षीदार वाटतात, पण मी एकाचं ऐकून दुसऱ्याचा अर्थ लावला. साक्ष एकच झाली."

"जुने नकाशे? सॅटेलाइट?"

"पाहिले. जिथवर मागे जाता येतं तिथवर जागा सपाटच आहे. खाण त्याआधीची असणार. आणि सरकारी नकाशात तिची नोंद नाही."

"म्हणजे कागदावर तू बरोबर आहेस."

"हो."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "समज, तुझी बाई खरं बोलतेय. टाकीला काय होईल?"

"अर्धे खांब खडकावर, अर्धे भरावावर. टेबलाचा एक पाय फरशीवर आणि दुसरा गादीवर ठेवल्यासारखं. रिकामी असताना कदाचित उभी राहील. भरल्यावर कलेल. आणि उताराच्या बाजूला चाळी आहेत, सर."

"समज, बाई चुकतेय. मग आपण आपल्याच रिपोर्टवर शंका घेऊन क्लायंटचा मुहूर्त मोडला."

"तेही होईल."

"एक दिवस देतो," ते म्हणाले. "रविवारी जा. सोमवारी सकाळी नारळ फुटायच्या आत मला सांग."

गावड साहेबांना मीच फोन केला. ते ओरडले नाहीत, हसले. "अरे मॅडम, तीन बोअर झालेत. अब क्या पाताल तक जाना है?" मग हसू थांबलं. "करा. पण लोकांना काही बोलू नका. इथे आधीच अफवा फार आहेत."

या वेळी पद्धत दुसरी होती. सिस्मिक. जमिनीवर एका ओळीत चोवीस छोटी कानासारखी यंत्रं रोवायची, त्यांना जिओफोन म्हणतात. टोकाला लोखंडी पत्रा ठेवून त्यावर घणाचा घाव घालायचा. घावाची लाट जमिनीतून धावते आणि एकेका जिओफोनला पोचते. किती वेळात पोचली, यावरून तिचा वेग कळतो. खडकात ती सेकंदाला तीन हजार मीटरच्या पुढे धावते. भरावात जेमतेम चारशे-पाचशे. हवेच्या फटी विजेला फसवतात, पण लाटेला फसवता येत नाही, ती फटींशी अडखळतेच.

अडचण अशी की जितकं खोल बघायचं, त्याच्या चार-पाच पट लांब ओळ लागते. आमची जागा तेवढी लांब नव्हती. ओळ फाटकातून बाहेर काढून चाळींच्या गल्लीत न्यावी लागली. गल्लीत काँक्रीट होतं. तिथे जिओफोन रोवता येईना, म्हणून डॉमनिकने ओल्या मातीचे गोळे करून त्यांवर ते बसवले.

लाल वायर दारासमोरून गेलेली पाहिल्यावर माणसं बाहेर आली.

"काय मार्किंग चाललंय?"

"रोड वाइडनिंग आहे का? घर जाणार आमचं?"

"नोटीस दाखवा आधी."

मी समजावत होते, पण 'सर्व्हे' हा शब्द या गल्लीत एकाच अर्थाने माहीत होता. एका माणसाने वायरवर पाय ठेवला आणि काढेना. तेवढ्यात नरसूबाई गाडी सोडून आत आल्या.

"पाय काढ रे. पाडायला न्हाई आले. मीच सांगितलं ताईंना खाणीचं. ते खाली किती खोल हाय ते बघायलेत." मग मला म्हणाल्या, "व्हय ना ताई?"

लोकांना काही बोलू नका, असं गावड साहेबांनी बजावलं होतं. मी म्हणाले, "हो. खाण कुठून कुठवर होती, ते बघतोय."

त्या माणसाने पाय काढला. एक म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि कड कुठे होती, ते हाताने दाखवू लागले. त्यांच्या आणि नरसूबाईंच्या कडेत पाच-सहा पावलांचा फरक होता. त्यावरून दोघांची जुंपली.

यंत्र चालू केलं तर पडद्यावर नुसती थरथर. बारकाईने पाहिलं तर ती एकसारखी होती, जवळ मोटार चालू असल्यासारखी. कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती. जमीन तिच्यामुळे हलत होती. रविवारची सकाळ, दळणाचे डबे रांगेत लागलेले. गिरणीवाला म्हणाला, "अर्धा तास बंद? इनको कौन समझाएगा?" रांगेतल्या बायकांना नरसूबाईंनी समजावलं. कसं, ते मला ऐकू आलं नाही. गिरणी बंद झाली.

डॉमनिकने घण उचलला. एका घावाची लाट क्षीण असते, म्हणून एकाच जागी दहा-पंधरा घाव घालून त्यांची बेरीज करतात. तो घाव घाली, मी पडदा बघे. पूर्वेच्या टोकाकडून मारलं, तेव्हा लाट झपकन पोचली. तिथे खडक वर होता, यात शंका नव्हती. मग आम्ही गोलाच्या मधे आलो.

पहिल्या बेरजेनंतरच मला कळलं. लाट येतच नव्हती. म्हणजे येत होती, पण इतकी उशिरा, की मला पडद्यावरची वेळ वाढवावी लागली. मला आनंद झाला नाही. आपण बरोबर शंका घेतली, याचा आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात ती सही होती. काखेत मारलेला तो रिपोर्ट होता.

जागेवरच ढोबळ हिशेब केला. गोलाच्या पश्चिम अर्ध्याखाली खडक बारा ते चौदा मीटर खोल. पूर्व अर्ध्याखाली तीन.

नाईक सरांना फोन केला. ते म्हणाले, "गावडना तू सांगणार की मी?"

"सही माझी आहे," मी म्हणाले.

गावड साहेब अर्ध्या तासात आले. या वेळी हसले नाहीत. मांडवाचे बांबू येऊन पडले होते, पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती. "मॅडम, मी वरती काय सांगू? मागच्या आठवड्यात खडक होता, या आठवड्यात गायब झाला?"

"सांगा की रिपोर्ट देणाऱ्या बाईने चूक केली. मी लिहून देते."

"आणि ही तुमची धकधक चुकीची असली तर?"

"एक बोअर घ्या. मी सांगते त्या जागी. मी समोर उभी राहते."

सोमवारचा नारळ फुटला नाही. बुधवारी ड्रिलिंग मशीन आलं. मुरूम संपेपर्यंत सगळं नेहमीसारखं. ड्रिल करताना आत पाणी सोडतात, ते बिट गार करून दगडाचा चुरा घेऊन पुन्हा वर येतं. तीन मीटरनंतर पाणी वर यायचं थांबलं. मशीनच्या टाकीतलं पाणी आत जात होतं आणि कुठे तरी नाहीसं होत होतं.

"मॅडम, पानी गेलं," डॉमनिक म्हणाला.

मग नळीतून विटेचे तुकडे आले. मग फरशीचा एक कोपरा, प्लास्टर चिकटलेला. मग मीटरभर काळा, ताजा, मजबूत दगड. ड्रिलर म्हणाला, "लागला खडक." गावड साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "पुढे चला." त्या दगडाखालून निळ्या प्लास्टिकचा चिंधीएवढा तुकडा वर आला.

गावड साहेबांनी तो उचलला आणि बोटांनी पुसला. मग बाजूला जाऊन फोन लावला. मला फक्त एवढंच ऐकू आलं, "नाही सर, मी स्वतः बघतोय. प्लास्टिक आहे, सर."

खरा खडक तेरा मीटरवर लागला. या वेळी आम्ही त्यात पूर्ण तीन मीटर गेलो.

टाकीची जागा पूर्वेला सरकवली. जागा कमी पडत होती, म्हणून नकाशा नव्याने काढावा लागला. काम दोन महिने मागे गेलं. मी पहिला रिपोर्ट मागे घेत असल्याचं पत्र दिलं, त्यात कारण लिहिलं, आणि 'ड्रिलरने बिट झिजल्याचं नोंदवलं होतं, ते मी दुर्लक्षिलं' हे वाक्यही. नाईक सर म्हणाले, एवढं कशाला, 'नव्या माहितीनुसार' म्हण. पण ती माहिती नवी नव्हती. मी वाक्य ठेवलं. त्यानंतर वर्षभर गावड साहेबांनी मला काम दिलं नाही.

इथवर ही गोष्ट इंजिनियरिंगची आहे. उरलेला भाग कुठल्याच रिपोर्टमध्ये नाही.

नव्या बोअरच्या दिवशी संध्याकाळी मशीन बंद झालं आणि नरसूबाई माझ्याजवळ आल्या. "सापडली ना खाण?"

"सापडली, मावशी. तुमचे तीन थांबे बरोबर निघाले."

त्यांनी मान हलवली. मग गल्लीकडे बोट केलं. "मग आमचं घर? तुमची ती वायर आमच्या दारावरनं गेलती."

गेली होती. गल्लीतली चार घरं भरावावर होती, त्यांतलं एक त्यांचं. मला ते रविवारीच दिसलं होतं. पण ती घरं आमच्या कामात येत नव्हती. क्लायंटने टाकीबद्दल विचारलं होतं, आम्ही टाकीबद्दल सांगितलं. रविवारपासून मी या प्रश्नाची वाट बघत होते आणि तो कुणी विचारू नये असंही मला वाटत होतं.

मी त्यांच्या घरी गेले. फरशीला कोपऱ्यात तिरकी भेग होती. दाराची चौकट खाली टेकत होती, म्हणून मुलाने दार खालून तासलं होतं. मुलगा घरीच होता, तीस-पस्तिशीचा, कुरिअर कंपनीत कामाला. तो म्हणाला, "दिवाळीनंतर वर एक माळा चढवतोय. पक्का, स्लॅबचा. लग्नाचं बघतायत ना माझं."

मी जेवढं खात्रीने सांगता येतं, तेवढंच सांगितलं. घर हलकं आहे, भराव जुना आहे, बराचसा बसून गेलाय. हे असं राहिलं तर भेगा पडत राहतील, पण उभं राहील. सांडपाणी भिंतीलगत मुरू देऊ नका. आणि स्लॅब चढवू नका.

"नक्की पडेल, असं म्हणता का?" त्याने विचारलं.

"नक्की असं मी म्हणू शकत नाही."

"मग?"

टाकी तीस मीटर सरकवता येते. त्यांचं घर कुठे सरकवणार होते ते?

नरसूबाई चुलीशेजारी बसून ऐकत होत्या. त्या मुलाला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. मी त्यात उतरलेय. तुला ठाव न्हाई ते किती खोल हाय."

मुलाने स्लॅब चढवला नाही. पत्र्याची खोली केली, हलकी. गल्लीतल्या बाकी तीन घरांनाही मी जाऊन सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं. तिसऱ्याने विचारलं, तुम्ही कुठल्या पक्षाच्या? त्याच्या घरावर आज पक्का मजला आहे. अजून तरी तो उभा आहे. टाकीही उभी आहे, भरलेली.

आता आमच्या फील्डच्या फॉर्मवर मी सगळ्यांत वर एक रकाना वाढवला आहे. 'इथे पूर्वी काय होतं, आणि हे कोणी सांगितलं?' यंत्र उघडण्याआधी तो भरायचा असतो. नवी मुलं बहुतेक वेळा त्यात 'मोकळी जागा' आणि 'गूगल' असं लिहून आणतात. मग मी फॉर्म परत देते आणि त्यांना आधी आजूबाजूला चालून यायला सांगते.